मामाची पाठ आणि माझा डावा पाय

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं मागाहून. यात माझं कर्तृत्व काहीच नाही. उलट त्या दिवशी आपल्याला काय सोसावं लागलं ते आई मला अजून ऐकवते. पण आमच्या बाजूच्या गावांत, खालापूर तालुक्यात काय किंवा वर कर्जतकडे काय, पायाळू माणसाला एक मान असतो. वाकताना पाठीत अचानक कळ येऊन माणूस तिथल्या तिथे आखडला की त्याला उसण भरली म्हणतात, आणि उसण भरलेल्या माणसाला पायाळूकडे नेतात. दुखणेकऱ्याने उंबऱ्यावर पालथं पडायचं आणि पायाळूने डाव्या पायाची टाच दुखऱ्या जागी मारायची. फार जोरात नाही, पण लाथ म्हणावी इतपत.

मला चालता येत नव्हतं तेव्हा आई मला काखेत धरून माझा पाय लोकांच्या पाठींना टेकवत असे. पुढे मी स्वतःच्या पायावर उभा राहून हे काम करू लागलो. जेवता जेवता हाक यायची. हात खरकटा असला तरी चालायचा, कारण हाताचं तिथे काही काम नव्हतं. ज्यांच्यासमोर माझे वडील मान खाली घालून उभे राहत, असे म्हातारे माझ्या पुढ्यात पालथे पडत आणि "मार रं बाबा, भिऊ नको" म्हणत. लाथ मारल्यावर मी त्यांच्या पाया पडत असे. पाया पडण्याची सवय आईने लावली होती. पावसाळ्यात पायाळूवर वीज पडते म्हणून आई मला अंगणातही सोडत नसे. मग लोक पानांची इरली डोक्यावर घेऊन, वाकडे झालेले, चिखलातून आमच्याच घरी येत.

याच पायामुळे मी शिकलो असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. मास्तरांनी मला पुढे शिकवा म्हणून सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "ह्याचा पाय चालतो ते सगळ्या गावाला म्हाईत हाय. डोकं चालतं का ते बी बघू." आमच्या घराण्यात त्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. मी डॉक्टरीला जायचं ठरलं तेव्हा मात्र गावाला मुळीच नवल वाटलं नाही. पोरगा जन्मापासून अर्धा डॉक्टर होताच, आता मुंबईला जाऊन उरलेला अर्धा होऊन येईल, असा सगळ्यांचा हिशेब होता.

कॉलेजात पहिल्याच आठवड्यात आमच्या शिकवणाऱ्यांनी माझ्या तळहातावर एक हाड ठेवलं. कमरेचा मणका. पुढून जाडजूड, लाकडाच्या ठोकळ्यासारखा. मागे एक कमान, कमानीच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे दोन फाटे, आणि अगदी मागे एक चपटा काटा. ठोकळा आणि कमान यांच्यामध्ये आरपार भोक. मी त्या भोकातून खिडकीकडे पाहिलं, तेव्हा शेजारचा मुलगा हसला.

"पाठीवरून हात फिरवताना जे टोचतं ते या काट्याचं टोक," शिकवणारे म्हणाले. "बाकीचा मणका आत, खोल असतो. आणि या भोकातून काय जातं?"

जे जातं ते काही महिन्यांनी मी डोळ्यांनी पाहिलं. करंगळीएवढी जाड, पांढुरकी, मऊ दोरी. मेंदूतून निघून पाठीतून खाली उतरलेली. हात हलवायचा, पाय उचलायचा, कुठे चटका बसला ते कळवायचं, सगळे निरोप हिच्यातून जाणार. मी ती दोरी पाहिली आणि माझ्या डोळ्यांपुढे गावातल्या सगळ्या पाठी आल्या. इतकी वर्षं मी टाच मारत होतो ती याच्यावर! ही दोरी कमरेच्या वरच्या भागातच संपते, तिथून खाली नुसत्या शिरांचा झुपका घोड्याच्या शेपटीसारखा लोंबतो, हे पुढच्या पाठात कळलं तेव्हा थोडा धीर आला. उसण बहुतेक त्याच्या खालीच भरते. पण कधीकधी मी वरही मारली होती. 

दिवाळीला घरी गेलो तेव्हा मी जाहीर केलं की यापुढे मी कुणाच्या पाठीला पाय लावणार नाही. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या पायांकडे पाहिलं. त्यात मुंबईत घेतलेले बूट होते.

"बूट घातलं की पायातला गुण जातो," माझी आत्या म्हणाली. "चामड्यात कोंडून ठेवलाय पाय. गुण ऱ्हाईल कसा?"

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आमच्या घरातलं शेवटचं कोर्ट. तिने निकाल दिला आणि गावाने मान्य केला. मी लाथ मारत नाही याचं कारण शरीरशास्त्र नसून बूट आहेत, हे नक्की झालं. लोक माझ्याकडे कणवेने पाहू लागले.

त्यानंतरच्या वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. मुलगा भिसेगावचा. लढाईचे दिवस, साखर आणि रॉकेल रेशनवर, म्हणून गूळ जमवून ठेवला होता आणि मुहूर्त गोरजाचा धरला होता, म्हणजे उजेडातच बरंचसं उरकेल.

हळदीच्या सकाळी मामा आला. मामा कशेळ्याच्या पुढचा, डोंगराच्या कडेचा. उंची दारात न मावणारी, मिशा मनगटासारख्या. बैलगाडीचं चाक वाटेत दगडात अडकलं तेव्हा त्याने गाडीवानाला बाजूला करून एकट्याने गाडी उचलली होती, असं गाडीवानच सांगत होता. आमच्या लग्नांत मामाचं काम मोठं. देवघरातून मुलीला बोहल्यावर तो आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. माझ्या बहिणीला तर दुसरा कुणी चाललाच नसता. लहानपणी ती आजारी पडे म्हणून आईने तिला दोन वर्षं आजोळी ठेवलं होतं. मामा तिला पाठुंगळीवर घेऊन बाजारात न्यायचा. कशेळ्याचा सगळा बाजार आपण मामाच्या खांद्यावरून बघितला, खालून तो कसा दिसतो ते आपल्याला ठाऊकच नाही, असं ती सांगे.

मामाने आल्या आल्या पाण्याचा हंडा उचलून दाखवला, मांडवाची एक मेढ हलवून ती कच्ची रोवली आहे असं सांगितलं आणि ती स्वतः ठोकून पक्की केली. मग ओटीवर पान जुळवायला बसला. उठताना त्याच्या हातातली सुपारी खाली पडली. ती उचलायला तो वाकला आणि तिथेच राहिला.

ओटीवर तेव्हा आम्ही दोघंच होतो. मला आधी वाटलं तो सुपारी शोधतोय.

"मामा, ती काय तुझ्या पायाशी."

"दिसतीय रं," मामा जमिनीकडे बघत म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "मला वर घे."

मी त्याला वर घ्यायचा प्रयत्न केला. तो असा ओरडला की चुलीपाशी वडे थापणाऱ्या बायका पीठ लागलेल्या हातांनी बाहेर धावल्या. त्यांच्या पावलांचा आवाज ऐकून मामाने माझं मनगट धरलं. "सुपारीचं बोलू नको," तो कुजबुजला. "मेढ ठोकताना झालं म्हन."

असा मामा काटकोनात वाकलेला, एक हात माझ्या खांद्यावर आणि एक गुडघ्यावर, आणि अंगणात हळदीची तयारी. आईने कपाळावर हात मारला. आमची नवरी आतून धावत आली, मामाच्या तोंडाकडे बघायला खाली बसली आणि खालून वर पाहत विचारलं, "मामा, उद्या उभा ऱ्हाशील ना?"

"ऱ्हाईन गं बाय."

"नाय ऱ्हायलास तर मी बी बोहल्यावर उभी ऱ्हायची नाय. आदीच सांगून ठेवते."

ती हट्टी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. वडील आईकडे पाहू लागले, आई आत्याकडे, आणि आत्या माझ्या पायाकडे. त्या दिवशी मी अनवाणी होतो.

"बूट काढलेत की ह्याने," आत्या म्हणाली. "मग वाट कुनाची बघता? उंबऱ्यात निजवा त्याला."

मी नाही म्हणालो.  आत्याला नाही म्हणण्याचा मला सराव नव्हता. मी सांगायला लागलो की हे हाडाचं दुखणं नसून बहुधा स्नायूंचं आहे. सकाळी गाडी उचलताना ते ताणले गेले असतील आणि आता कण्याला जपायला दोरखंडासारखे आवळून बसलेत. कणा म्हणजे काय ते आत्याने विचारलं. नीट विचारलं असं मला वाटलं, म्हणून मी नीट सांगायचं ठरवलं.

त्याच वेळी चुडा भरायला मणियार आला होता. कर्जतचा म्हातारा मणियार, आईच्या लग्नातही त्यानेच बांगड्या भरल्या होत्या. त्याच्याकडे बांगड्यांची एक माळ होती, सुतळीत ओवलेली. मला एकदम सुचलं. मी ती माळ मागून घेतली.

"हे बघ आत्या. ही एकेक बांगडी म्हणजे एकेक मणका. मानेत सात, बरगड्यांच्या मागे बारा, कमरेत पाच. त्याखालचे एकमेकांना चिकटलेले. आणि ही आतली सुतळी म्हणजे मेंदूतून आलेली दोरी. मणके हिला सांभाळतात."

"डाक्टर, मनके तुमचे, पन बांगड्या माज्या हायेत," मणियार म्हणाला. "जरा बेतानं."

"आणि दोन मणक्यांच्या मधे मऊ चकती असते." इथे मला दाखवायला काही नव्हतं. शेजारी वड्यांच्या पिठाची परात होती. मी पिठाच्या छोट्या चकत्या करून बांगड्यांच्या मधे बसवू लागलो. मणियाराने डोळे मिटून घेतले. "आता मी माळ वाकवतो. बघ, चकती पुढून दबते आणि मागून फुगते. उभं राहिलं, वजन उचललं, की भार या चकत्या झेलतात. दिवसभरात त्या थोड्या चेपतात, म्हणून माणूस सकाळी जरा उंच असतो आणि संध्याकाळी जरा बुटका."

सगळ्या बायका मामाकडे पाहू लागल्या. तो त्या वेळी फारच बुटका दिसत होता.

"म्हंजे मान्साच्या पाठीत पीठ असतं?" आत्याने विचारलं.

"पीठ नाही गं. तसं मऊ."

"मी काय वडा हाय?" खालून मामाचा आवाज आला.

"तू गप रं," आत्या त्याला म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "बरं. मनका सरकलाय का?"

"नाही."

"चकती फुटलीय?"

मी मामाला दोन्ही पायांची बोटं हलवायला लावली होती, पायात मुंग्या येतात का ते विचारलं होतं. "तसं वाटत नाही."

"दोरी?"

"दोरी चांगली आहे."

"मग सगळं जागच्या जागी हाय तर लाथ मारायला काय होतंय तुला?"

 मणियार कोपऱ्यात बसून बांगड्यांचं पीठ पुसत होता. "मी बी सांगतो डाक्टर," तो हळूच म्हणाला, "तुमी लहान होता तवा माजी उसण तुमीच उतरवली होती. दुसऱ्या दिवशी मी चौक गावाला पायी गेलो."

"दुसऱ्या दिवशी ती आपोआप गेली असेल," मी म्हणालो.

"आदल्या दिवशी का नाय गेली मग?"

शेवटी वडिलांनी तोड काढली. आज पोराचं ऐकायचं, उद्या दुपारपर्यंत मामा उठला नाही तर आत्याचं. मी गोठ्याचं एक दार बिजागऱ्यांवरून काढून आणलं, त्यावर घोंगडी घातली, मामाला कुशीवर वळवत वळवत त्यावर निजवलं आणि गुडघ्यांखाली उशी दिली. मीठ तव्यावर गरम करून फडक्यात बांधलं आणि शेकायला बसलो. अंगणात हळद लागत होती, बायका गाणी म्हणत होत्या. मामा दारावर पडल्या पडल्या प्रत्येक शेकाला त्या गाण्यांच्या तालात कण्हत होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो मेढीची गोष्ट सांगे, आणि प्रत्येक वेळी मेढ जाड होत गेली. चौथ्या-पाचव्या पाहुण्यापर्यंत तिचं सागाचं खोड झालं होतं.

सकाळी तो उठून बसला. दहा वाजायच्या सुमाराला भिंतीला धरून उभाही राहिला. मला रडू यायचंच बाकी होतं. पण भिंत सोडली की पाठ त्याला पुढे ओढी. पावलाला कळ, श्वासाला कळ. बहिणीने मुंडावळ्या बांधून घ्यायला नकार दिला आणि देवघरात जाऊन बसली.

कॉलेजात एकदा इस्पितळातला एक हमाल दाखवला होता, कमरेला रुंद पट्टा आवळलेला. पोट आणि कंबर चहूबाजूंनी घट्ट आवळली की कण्यावरचा भार हलका होतो, स्नायूंना विसावा मिळतो, असं सांगितलं होतं. पट्टा मी कुठून आणणार? धोतर आखूड पडलं असतं, मामाचा घेर तसा होता. फेटा कमरेला बांधला तर डोक्याला काय? इतकं लांब आणि जाडं कापड घरात एकच होतं. आत्याचं मानाचं नवं लुगडं, हिरवं, लाल काठाचं. तिने ते अजून नेसलं नव्हतं.

"माजं मानाचं लुगडं त्याच्या कमरेला?" आत्या म्हणाली.

"नेसवायचं नाही आत्या. आवळायचं आहे."

"देते. पन पाय लावायचा."

"पाय लावणार नाही."

देवघरातून हुंदका ऐकू आला. आत्याने देवघराकडे पाहिलं. मग तिने लुगडं माझ्या अंगावर फेकलं. "घे. काय करायचं ते कर. कालेजात जाऊन पोराचं काळीज बी चामड्याचं झालं."

मी लुगड्याची उभी घडी घालून रुंद पट्टी केली. मामा खांबाला धरून उभा राहिला, वडिलांनी एक टोक त्याच्या पोटावर दाबून धरलं आणि मी गुंडाळायला लागलो. एक वेढा, दोन वेढे. घट्ट होईना. मी बारीक, मामा मोठा. मी ओढलं की मामाच माझ्याकडे येई.

"अरं, भारा आवळतोस तसा आवळ की," वडील म्हणाले.

गवताचे भारे मी लहानपणापासून बांधत आलोय. भारा बांधताना विचार करावा लागत नाही. दोरी दोन्ही हातांत धरायची, पाय भाऱ्यावर रोवायचा, मागे रेलायचं आणि ओढायचं. मी तेच केलं. पाय रोवला, मागे रेललो, दात आवळून ओढलं. लुगडं करकचून बसलं. मामाच्या तोंडून "हां" असा मोठा आवाज आला.

मग मला जाणवलं की घरात कुणीच काही बोलत नाहीये.

मी खाली पाहिलं. माझा डावा पाय मामाच्या कमरेवर होता, टाच बरोब्बर दुखऱ्या जागी.

"लावला!" आत्या ओरडली. "लावला गं बाई, लावला!"

"मी बांधत होतो," मी म्हणालो. "जोर यायला..."

"उतरली!" मामा म्हणाला. त्याने खांब सोडला होता. तो सरळ उभा होता, मांडवाच्या मेढीसारखा. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. "टाच लागली तशी उतरली बघा. सरसर करत पायातून गेली."

"पट्ट्यामुळे मामा! पोट आवळलं गेलं, त्यामुळे..."

माझं ऐकायला तिथे कुणी उरलं नव्हतं. बायका देवघराकडे धावल्या होत्या. बहिणीचं रडणं थांबलं, आणि तिचा आवाज आला, "मुंडावळ्या कुठं ठेवल्यात?"

गोरजाला वऱ्हाड मांडवात बसलं. मामाने कोट घातला, फेटा बांधला आणि भाचीला हाताशी धरून बोहल्यावर आणलं. लुगड्याचा लाल काठ कोटाखालून दिसत होता, पण तो रेशमी कमरबंद आहे असं पाहुण्यांना वाटलं असावं. मंगलाष्टकं चालू होती तेवढा सगळा वेळ तो तिच्या मागे उभा होता. हलला नाही. हलता येणं शक्यही नव्हतं, मी पक्का आवळला होता. मी अक्षता हातात घेऊन त्याच्या मागे बसलो होतो, आणि लग्न कुणाचं लागतंय ते विसरून त्याच्या कोटाच्या पाठीवरच्या शिवणीकडे बघत होतो. त्या शिवणीच्या आत काय काय आहे ते मी मनात वरून खाली मोजत गेलो. सगळं एकावर एक, तोल धरून उभं. कधी शेवटच्या अक्षता पडल्या ते मला कळलं नाही.

मग मुलगी मामाच्या पाया पडली. आता मामाने वाकून तिला उठवायचं, डोक्यावर हात ठेवायचा. त्याने वाकायचा प्रयत्न केला आणि लुगड्याने त्याला अडवलं. दोन्ही हात पुढे, पोचत नाहीत, डोळ्यांतून पाणी सरळ तिच्या पाठीवर पडतंय. बहिणीने वर पाहिलं, तिच्या लक्षात आलं. ती उठली, बोहल्यावरच्या पाटावर चढली आणि मामाचा हात उचलून स्वतःच आपल्या डोक्यावर ठेवला. "आता पोचतो का?" तिने विचारलं. 

एवढ्यावर सगळं संपलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर व्याहीभेट. नवऱ्या मुलाचे वडील भिसेगावचे मोठे शेतकरी, वय झालेलं, दिवसभर मानपानात उठबस करून थकलेले. मामाने त्यांना उराशी धरलं. कोटाच्या आत फळीसारखं काहीतरी त्यांना लागलं असणार, कारण ते दचकून म्हणाले, "तालीम करता काय?"

"मेढी ठोकतो," मामा म्हणाला.

मामाने त्यांना पानाचा विडा दिला. देता देता वरची सुपारी घरंगळली आणि दोघांच्या मधे जमिनीवर पडली.

मामाने सुपारीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी उठणार, तेवढ्यात व्याह्यांना वाटलं की आपण सुपारी उचलून मान द्यावा म्हणून हा मोठा माणूस थांबलाय. ते अदबीने खाली वाकले.

आणि तिथेच राहिले.

हे मी रचून सांगतोय असं कुणाला वाटेल. पण थकलेल्या माणसाची पाठ अशीच आखडते, गाडी उचलताना टिकते आणि सुपारीला हरते. व्याही जमिनीकडे बघत "अगं आई गं" म्हणाले.  मग आमच्या आत्याचा आवाज चहूकडे घुमला.

"घाबरू नका! नवरीचा भाऊ पायाळू हाय!"

सगळे माझ्याकडे वळले. मुलीच्या भावाने, मुलीच्या सासऱ्याला, भर मांडवात लाथ मारायची! मी हात जोडले. मला वाटलं आता भांडण होणार, वऱ्हाड उठून जाणार. पण वऱ्हाडातले म्हातारे आधीच सरकून वाट करून देत होते. "पायाळू हाय? मग चांगलं झालं," त्यांच्यातला एक म्हणाला. "उंबरा कुठं हाय तुमचा?"

"पट्टा बांधतो," मी कसाबसा म्हणालो. "नुसता पट्टा. पण लुगडं..."

लुगडं मामाच्या कमरेला होतं. ते सोडलं तर मामा पडणार, ही माझी खात्री. मामाने एकदा व्याह्यांकडे पाहिलं, एकदा पाटावर उभ्या असलेल्या भाचीकडे. आणि कोटाची बटणं काढायला लागला.

"मामा, नको. तू पडशील."

"तिच्या सासऱ्याला असा वाकलेला ठेवू का? सोड."

मी सोडलं. वेढा सुटत गेला तसा मामाने श्वास रोखला, मी एक हात त्याच्या पाठीला लावून ठेवला. शेवटचा वेढा निघाला. मामा उभा होता. थोडा पुढे झुकलेला, दोन्ही पाय फाकलेले, पण आपल्या कण्यावर उभा. त्याने हळूच माझा हात बाजूला केला. "तू त्यांचं बघ."

व्याह्यांना आम्ही खांबाशी नेलं, हळूहळू सरळ केलं आणि मी लुगडं गुंडाळलं. दोन वेढे झाले. मी थांबलो. बाजूला सगळं वऱ्हाड उभं. वडिलांनी टोक धरलं होतं, ते माझ्याकडे बघत नव्हते. आत्या बघत होती.

"भारा," ती म्हणाली.

मी व्याह्यांना म्हणालो, "काका, जोर यायला पाय टेकवावा लागेल. रागावू नका."

"मी केवापासून वाट बघतोय रं," व्याही म्हणाले.

मी पाय रोवला. मागून माझ्या बहिणीचा आवाज आला. ती मुंडावळ्या बाजूला सारून तोंडावर पदर धरून हसत होती, आणि तिला हसताना बघून तिचा नवराही हसत होता, ते दोघं एकमेकांकडे पहिल्यांदाच नीट बघत होते.

व्याही दुसऱ्या दिवशी हिंडू लागले. मामालाही पुढच्या आठवड्यात बरं वाटलं, असंच होणार हे मला ठाऊक होतं, पुस्तकात लिहिलेलंही आहे. लुगडं आत्याला परत आलं, पण तिने ते नेसलं नाही. ते आमच्या खुंटीवर लटकतं आणि सुटीत मी घरी आलो की अंगणात कुणीतरी वाकडा होऊन बसलेला असतो. मी आधी पायाची बोटं हलवून घेतो, मुंग्या येतात का विचारतो, शेकायला आणि निजून राहायला सांगतो. ते सगळं लोक मान हलवत ऐकून घेतात. मग मी लुगडं बांधतो. आणि ते आवळायची वेळ आली की सगळे बोलायचे थांबतात आणि माझ्या डाव्या पायाकडे बघत बसतात.

भिसेगावला बहिणीकडे गेलो की तिचे सासरे मला मानाच्या पाटावर बसवतात. पान देतात. सुपारी मात्र हातात देतात, बोटं मिटेपर्यंत धरून ठेवतात.